उसातून डोंगराकडे, भाऊसाहेबाला घेऊन

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली आणि स्टाफरूममध्ये जो तो मला विचारायला लागला, "मॅडम, डोंगर कसा होता? फोटो दाखवा की!" फोटो फारसे नाहीतच. जे आहेत त्यांत माझा भाऊ बहुतेक ठिकाणी कुठल्या ना कुठल्या भिंतीला नाहीतर झाडाला पाठ टेकून उभा आहे. दहा जणांना दहादा सांगण्यापेक्षा एकदाच बसून लिहून टाकते. काळवीट कुठं दिसतं, कळसूबाईवर माकडं किती त्रास देतात, पाचनईला जेवायला काय मिळतं, हे ज्यांना हवंय त्यांना ते यात सापडेल. पण लई मजा आली असं मात्र मी लिहिणार नाही. मला खोटं बोलता येत नाही, आणि बोलले तरी तोंडावर दिसतं.

मी मिरजगावला शिकवते. माहेर राहाता तालुक्यात, कालव्याच्या बाजूला वस्तीवर. घराच्या तिन्ही अंगांनी ऊस आणि चौथ्या अंगाला रस्ता, त्याच्या पलीकडं पुन्हा ऊसच. तिथं माझा धाकटा भाऊ भाऊसाहेब आणि त्याची बायको सुमन शेती करतात. गेल्या वर्षी दिवाळी सरल्यावर एका पहाटे भाऊ उसाला पाणी देत होता. एका सरीचं पाणी दुसरीला वळवायला तो फावडं घेऊन खाली वाकला आणि मागून बिबट्या त्याच्या पाठीवर पडला. शेजारच्या रानात कचरूअण्णा होते, ते बॅटरी घेऊन बोंबलत धावले म्हणून जनावरानं सोडलं. मानेला आणि खांद्याला टाके पडले. देव तारी त्याला कोण मारी, म्हणत आम्ही सगळ्यांनी हात जोडले.

संक्रांतीपर्यंत जखमा भरल्या. पण भेटायला येणारा प्रत्येक माणूस भाऊला एकच गोष्ट ऐकवून गेला होता, की बिबट्या उभ्या माणसाच्या वाटेला जात नाही, वाकलेला माणूस त्याला जनावरासारखा दिसतो. ते भाऊच्या डोक्यात जे बसलं ते बसलंच. तेव्हापासून तो घराबाहेर वाकत नाही. चप्पल पायानंच चाचपून घालतो. अंगणात काही पडलं तर पायानं ढकलत उंबऱ्यापर्यंत आणतो आणि आत आल्यावर उचलतो. कुठंही गेला की आधी भिंत शोधतो आणि पाठ टेकून बसतो.

आता मला सांगा, शेतकऱ्याचं कुठलं काम न वाकता होतं? कांदा लावायचा वाकून, खुरपायचं वाकून, पाणी द्यायचं वाकून. सगळं सुमनच्या अंगावर पडलं. ती वाळून नुसती काडी झाली. श्रावणात मी गेले तेव्हा विहिरीवर गाठून मला म्हणाली, "वन्सं, दिवाळीपर्यंत वाट बघते. न्हाईच झालं तर जमीन वाट्यानं देऊन टाकू. पन एकदा का जमीन गेली ना, तर हे उठत न्हाईत बघा. भिंतीला बसून बसून संपून जात्याल." बोलताना तिचे डोळे भरून आले.

मग मी बेत आखला. आम्हां मास्तरमंडळींना एक सूत्र पाठ असतं, सोप्याकडून कठिणाकडं. म्हटलं, याला आधी उघड्या माळावर न्यावं, जिथं जनावर लांबून दिसतं आणि कुणाला खात नाही. मग धरणाचं पाणी दाखवावं. मग कळसूबाई, तिथं गर्दी असते. आणि शेवटी हरिश्चंद्रगडाचं जंगल. वर्गातल्या भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा आहे त्याच्यावर मी पट्टीनं रस्ता दाखवत बसले, विज्ञानाच्या सरांकडून दुर्बीण मागून घेतली, गाडीची चाकं बदलली. आमच्या ह्यांनी विचारलं, "तो येईल का पण?" मलाही तीच धास्ती होती. फोनवर मी अर्धा तास तयारी करून ठेवलेलं भाषण सुरू केलं, तर भाऊनं मधेच तोडलं.

"शेवटाला डोंगरात जायचं हाय ना?"

"हो."

"मग येतो."

मला वाटलं, माझ्या शिकवण्याचा गुण आला.

रेहेकुरी

भाऊ आदल्या दिवशी एसटीनं मिरजगावला आला. घरी शिपी आमटी आणि बाजरीची भाकरी केली होती. राहात्याकडं असली काळी झणझणीत आमटी करत नाहीत, तो नेहमी नाक पुसत पुसत दोनदा मागून घेतो. या वेळी एकदाच घेतली, तीही भिंतीला बसून.

सकाळी रेहेकुरीला गेलो. आमचा कर्जतचा भाग म्हणजे माळ, कुसळी गवत, बाभळी आणि वर भलं मोठं आभाळ. उसाच्या मुलखातल्या माणसाला इथं चुकल्यासारखं होतं. गवत पिवळं पडलं होतं आणि त्यातून काळविटांचा कळप चरत चालला होता. नर काळा कुळकुळीत, पिळाची शिंगं मागं टाकून चाललेला, माद्या फिकट तांबूस. मी कौतुकानं बोलायला लागले, भाऊ दुर्बीण लावून बसला. बसला म्हणजे गाडीला टेकून उभाच होता.

बऱ्याच वेळानं म्हणाला, "आक्का, बघ. समदी वाकून खात्यात, पन एक जन मान वर करून हाय. त्यो खाली वाकला की दुसरा कुनीतरी मान वर करतो."

मी बघितलं, खरंच तसं होतं. मी हजारदा मुलांना घेऊन इथं आलेय, मला कधी दिसलं नव्हतं. पण मी शिकवणारी बाई, लगेच पाठ सुरू केला, "बघ, म्हणजे भीती सगळ्यांनाच असते, तरी ती चरतातच ना!" भाऊनं दुर्बीण खाली घेतली आणि माझ्याकडं असं बघितलं, की मी पुढचं वाक्य गिळलं.

भंडारदरा आणि कळसूबाई

नगर, संगमनेर, अकोले असं करत राजूर गाठलं. तिथपर्यंतचा रस्ता तुम्हांला माहीतच आहे, त्यात सांगण्यासारखं काही नाही. संगमनेरला मासवडी खाल्ली, रश्शात तेल फार होतं. राजूर सोडल्यावर हवा बदलते. डोंगर जवळ येतात, भाताच्या खाचरांत पिवळं पडलेलं भात उभं असतं आणि बायका ओळीनं वाकून कापणी करत असतात. त्या बायका दिसल्या की भाऊ दुसऱ्या खिडकीकडं बघायचा.

धरणाच्या भिंतीजवळ गाडी लावली. पाणी काठोकाठ होतं, निळंशार, त्यात डोंगर उलटे पडलेले. कठड्याला पाठ टेकून भाऊ म्हणाला, "आपल्याकडं येतं ते पानी हितलंच."

"हो, हीच प्रवरा."

"आपुन कधी बघायलाबी आलो न्हाई."

खरंय. जन्मभर कालव्याच्या पाण्यावर जगलो, पण कालवा कुठून येतो ते बघायला कुणी गेलं नाही. आमच्याकडं डोंगर म्हणजे ढग कुठं जमलेत ते बघायची जागा, त्यापलीकडं काही नाही.

दुसऱ्या दिवशी बारी गावातून कळसूबाई चढलो. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, पण लोखंडी शिड्या लावल्यामुळं माझ्यासारखी गुडघेदुखीवालीही कुरकुर करत चढते. गर्दी बक्कळ. पुण्या-नाशकाची पोरं स्पीकर लावून चालली होती. भाऊ सावकाश चालायचा आणि वळणावळणावर थांबून दुर्बिणीनं खालची झाडी धुंडाळायचा. लोक आभाळ आणि दऱ्या बघत होते, हा मात्र झुडपांच्या मुळाशी बघत होता. मी म्हटलं, "अरे, समोर एवढा देखावा आहे, तिकडं बघ की!" तो म्हणाला, "बघतोय."

शेवटच्या शिडीच्या खाली आम्ही फराळाला थांबलो. सुमननं करंज्या दिल्या होत्या, ओल्या खोबऱ्याच्या नाही, तीळ-गुळाच्या, चार दिवस टिकाव्यात म्हणून. पिशवी भाऊच्या हातातून निसटली आणि त्याच्या पायाशी पडली. नुसतं वाकून उचलायची होती. तो तिच्याकडं बघत ताठ उभा राहिला, पायानं ओढायला लागला, तेवढ्यात कठड्यावरचं थोराड माकड सावकाश उतरलं, आणि पिशवी उचलून आमच्यादेखत बसून करंज्या खायला लागलं. कॉलेजची पोरं खो खो हसली. एक जण म्हणाला, "काका, कंबर धरलीय का?"

भाऊ त्यांच्याबरोबर हसला. मी त्या पोराला म्हटलं, "तुझ्या बापाची धरली असेल, चल चालता हो." उगीच बिचाऱ्यावर ओरडले.

वर देवीचं देऊळ एवढंसं आहे, वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. भाऊ बाहेरच राहिला. वारा असा होता की त्याचा सदरा फडफडत होता आणि मानेवरचे वण दिसत होते. मला म्हणाला, "तूच जा. देवीला म्हनावं माफ कर." मी आत गेले, नारळ ठेवला आणि देवीला काय सांगितलं ते मी इथं लिहिणार नाही. बाहेर आले तर तो देवळाच्या भिंतीला पाठ लावून, दुर्बीण न लावता, डोळे मिटून उभा होता. माझं सूत्र फसलंय हे मला तिथंच कळलं होतं. तरी पुढं जायचं ठरवलं, कारण मागं जाऊन सुमनला काय सांगणार?

पाचनई

हरिश्चंद्रगडाला पाचनईकडून गेलं की चढ सोपा पडतो. कड्याच्या पोटाखालून वाट जाते आणि मग दाट झाडी लागते. तिथं आम्हांला शेकरू दिसलं. तांबूस-तपकिरी, झुपकेदार शेपटी लोंबत सोडून फांदीवर पालथं पडल्यासारखं. मला एवढा आनंद झाला की मी भाऊचा दंड धरून हलवला. त्यानं वर बघितलं, "छान हाय," म्हणाला, आणि पुन्हा खाली बघायला लागला. सगळा प्रवास मी त्याला वरची जनावरं दाखवत होते आणि त्याचं लक्ष खाली होतं.

गडावरून उतरेपर्यंत दिवस कलला. जेवणाची आणि मुक्कामाची सोय पायथ्याच्या हिराबाईंकडं फोनवर सांगून ठेवली होती. साठीच्या बाई, अंगानं किरकोळ, बोलणं खणखणीत. कुडाच्या भिंती, पुढं ओटा, आत एक खोली आणि तिचं दार ठेंगणं. चुलीपुढं बसून त्या तांदळाच्या भाकरी थापत होत्या. उडदाचं घुटं रटरटत होतं, त्याचा वास असा की दिवसभराचा शीण तिथंच गेला. घुटं म्हणजे उडीद भाजून घोटून केलेली दाट आमटी. आमच्याकडं बाजरीच्या भाकरीशी खातात तसं काही नाही हे, पण मी पुढं हिवाळाभर करणार आहे.

भाऊ ओट्यावर भिंतीला टेकून बसला. हिराबाईंनी विचारलं, "कुठलं म्हनायचं तुमी?"

"मी मिरजगावला असते. हा माझा भाऊ, राहात्याकडचा."

त्यांचा हात भाकरीवर थांबला. "म्हंजी खालचं. उसाकडचं."

"व्हय," भाऊ म्हणाला.

"तुमच्याकडं बिबटं लई झाल्यात म्हनं."

भाऊनं सदऱ्याची कॉलर वर ओढली. त्या भाकरी उलटत म्हणाल्या, "तुमच्याकडं धरत्यात आन् आमच्याकडं आनून सोडत्यात, असं लोक बोलत्यात. खरं-खोटं देवाला ठाव, आमाला कोन सांगतंय? आमच्या डोंगरात बिबट्या वाघ पहिल्यापास्नं हाये. पन त्यो मानसाची चाहूल लागली की वाट सोडतो. शिमग्याच्या आधी आला त्यो निराळा व्हता. त्याला मानसाचं भ्याव म्हनून नाय. तीन शेळ्या नेल्या, कुत्रं नेलं. आन् मग आमच्या ह्यांना धरलं."

संक्रांत झाल्यावर आमच्या वस्तीवर बिबट्या धरला गेला तो दिवस डोळ्यांपुढं आला. ज्याचं नुकसान त्यानंच पिंजऱ्यात बांधायला शेळी द्यायची ही आमच्याकडची रीत. सुमननं तिची पांढरी शेळी दिली होती. जनावर सापडलं तेव्हा अख्खं गाव लोटलं, मीही होते, मोबाईलवर फोटो काढला. भाऊ घरातून बाहेर आला नव्हता. संध्याकाळपर्यंत गाडी येऊन पिंजरा घेऊन गेली. "नेला एकदाचा वर डोंगरात," असं वर्षभर शंभर तोंडांनी मी ऐकलं आहे, स्वतःही म्हटलं आहे. आणि एवढं ऐकून-बोलून, वर डोंगरात कुणी राहत असेल, हे माझ्या शिकलेल्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. त्या डोंगरावर भावाचं भय घालवायला मी भावालाच घेऊन आले होते. माझ्यासारखी अक्कल कुणाला असेल का?

हिराबाई सांगत होत्या, "हिरडा गोळा करत व्हते. वाकल्याले. मागनंच पडला. हात गेला उजवा, हाये पन नसल्यासारखा. तवापासनं आत बसून असत्यात. बाहेर या म्हनलं तरी येत नाय."

मी भाऊकडं बघितलं. तो उठला होता. काही न विचारता त्या ठेंगण्या दारातून आत गेला. आत जायला त्याला चांगलं कमरेत वाकावं लागलं, आणि हे त्याच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नंतर आलं.

मी दारात जाऊन उभी राहिले. आत अंधुक होतं. कोपऱ्यात म्हातारबाबा बसले होते, सोमाबाबा त्यांचं नाव, घोंगडी पांघरून, भिंतीला पाठ लावून. भाऊ त्यांच्या शेजारी, तशीच पाठ लावून बसला. दोघांची तोंडं समोरच्या कुडाकडं होती.

मग भाऊनं विचारलं, "मागनं?"

"मागनं."

"मला बी."

भाऊनं सदऱ्याची वरची गुंडी काढली आणि मान पुढं केली. बाबांनी डाव्या हातानं चाचपून बघितलं, आमची आई ताप बघायची तसं. "कवा?"

"मागल्या दिवाळीनंतर. तुमच्या आधी." भाऊनं गुंडी पुन्हा लावली. "बाबा, आमी पिंजरा लावला हुता. शेळी आमचीच हुती. त्यो घावला तवा आमी पेढं वाटलं. समद्या गावाला वाटलं."

चुलीवरची भाकरी करपल्याचा वास आला. हिराबाई हलल्या नाहीत. बाबा म्हणाले, "वाटनारच की. आमी बी वाटलं असतं."

भाऊ रडायला लागला. दवाखान्यात टाके घालताना तो रडला नव्हता, वर्षभरात त्याच्या डोळ्यांत मी पाणी बघितलं नव्हतं. मी आत जायला निघाले, तसा तो म्हणाला, "आक्का, तुझ्याकडं फोटू हाय ना त्याचा? दाव."

"भाऊ, कशाला आता?"

"दाव. मी त्याच्यासाठीच आलो हितं. लांबनं का व्हईना, एकदा त्याचं तोंड बघावं म्हनलं. मी बघितलंच न्हाई गं त्याला. नुसतं वजन पडलं अंगावर."

म्हणजे सगळ्या वाटेनं दुर्बीण घेऊन झुडपांच्या मुळाशी तो तेच शोधत होता. माझं सोप्याकडून कठिणाकडं वगैरे त्याच्या गावीही नव्हतं.

मी फोटो काढून दिला. दोघांनी मोबाईल मधे धरला. सोमाबाबांनी डोळे बारीक केले.

"हाच का?" भाऊनं विचारलं.

"कुनास ठाव, लेका. म्या बी तोंड नाय बघितलं."

फोटोत पिंजऱ्याच्या गजांवर आपटून जनावराचं कपाळ फुटलं होतं. कान मागं पडले होते. समोर मोबाईल घेतलेली गर्दी, आणि ते मागच्या गजांना पाठ लावून अंग चोरून बसलं होतं.

"आक्का," भाऊ म्हणाला, "ह्ये तर भ्यालंय."

"व्हय," बाबा म्हणाले, "लई भ्यालंय."

जेवायला सोमाबाबा ओट्यावर आले. हिराबाईंनी तोंडाला पदर लावला. सकाळी निघताना त्यांनी वरईची पुरचुंडी माझ्या हातात दिली. भाऊला म्हणाल्या, "पुन्यांदा पिंजरा लावाल तवा आमची याद करा, बाबा." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं.

कोकणकडा बघायचा राहिला. बेतात तो होता, पण दोघांपैकी कुणी त्याचं नाव काढलं नाही. परतताना गाडी संगमनेरला लागली. मग भाऊ आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाला, "पानी त्यांचं आपल्याकडं येतं, आन् बिबट्या आपला त्यांच्याकडं जातो."

वस्तीवर

घरी पोचलो तर अंगणात माणसं जमलेली. आदल्या रात्री आमचं कुत्रं गेलं होतं आणि विहिरीच्या कडेला चिखलात ठसे उमटले होते. सुमन दारात उभी, चेहरा पांढराफटक. कचरूअण्णा पुढं झाले. "बरं झालं आलास. पिंजरा मागवू. शेळी तयार ठेव."

भाऊ गाडीला टेकून उभा होता. म्हणाला, "पिंजरा नको, अण्णा."

"का रं?"

"त्यो धरला तरी कुनाच्या तरी दारात जानार."

"जाऊ दे की तिकडं डोंगरात! तिथं कोन हाय?"

"हायेत," भाऊ म्हणाला. "मानसं हायेत."

अण्णा भडकले. भडकणारच, त्यांनीच त्याचा जीव वाचवलेला. "आरं, मी नसतो तर आज तुझं वर्षश्राद्ध असतं! आन् आता मलाच शानपन शिकवतो व्हय? उद्या माझ्या सुनंला धरलं तर?"

भाऊ एवढंच म्हणाला, "गोठ्याला जाळी लावू. रानात दोगं-दोगं जाऊ. एकानं वाकायचं, एकानं मान वर करून उभं ऱ्हायाचं." लोक एकमेकांकडं बघत उठले. एक जण मला ऐकू जाईल असं म्हणाला, "डोंगरावर नेऊन पार बिघडवून आनला." पिंजरा आज ना उद्या लागेलच. भाऊनं नाही म्हटल्यानं गाव थांबत नाही.

त्या आठवड्यात शेतपंपाची लाईट दिवसाची होती. दुसऱ्या दिवशी, माझ्या निघण्याच्या आधी, ऊन कलताना भाऊनं फावडं घेतलं. सुमननं हातातली परात खाली ठेवली. मी काठी घेऊन त्याच्या मागं गेले. उसाच्या कडेला पोचल्यावर तो किती वेळ नुसता उभा राहिला. ऊस सळसळत होता. मलाही भीती वाटत होती, उगीच शूरपणा सांगत नाही. पहिली सरी भरून पाणी बांधावरून सांडायला लागलं होतं.

"आक्का, तू तिकडं तोंड कर. उसाकडं."

मी त्याच्याकडं पाठ केली आणि उसाकडं बघत उभी राहिले. मागं फावड्याचा आवाज आला, चिखलात शिरल्याचा. मग तो वाकला असणार, कारण त्याचा आवाज खालून आला, कापरा, लहानपणी अंधारात न्हाणीघराकडं जाताना यायचा तसा.

"हायेस ना गं आक्का?"

"हाय."

पाणी दुसऱ्या सरीला लागलं. सोमवारी माझी शाळा होती, माझ्या जागी उद्यापासून सुमन उभी राहणार होती.

"हायेस ना?"

"हाय रं. वाक तू."

सरी भरेपर्यंत तो विचारत राहिला, आणि मी मान वर करून, उसावरची नजर न हलवता, हाय म्हणत राहिले.